दोनशे चाळीस टोकं

माझ्या आत्याच्या मते दोन्ही पाय अगदी सारख्या लांबीचे असलेला माणूस अजून जन्माला यायचाय. हे ती कुणाला दुखवायला म्हणत नसे. चाळीस वर्षं तिने लोकांच्या पँटा आखूड केल्या होत्या, त्यामुळे तिच्याकडे भरपूर पुरावा होता. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या अंगाला तिची जागा होती. एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीला टेकवलेला लांब आरसा. गिऱ्हाईक स्टुलावर उभं राहायचं, आत्या खाली गुडघ्यावर बसून टाचण्या लावायची आणि उठता उठता सांगायची, "डावा पाय पाऊण इंच लांब आहे तुमचा. काळजी करू नका, चालताना कळत नाही." तोवर ज्याची आपल्या डाव्या पायाविषयी काही तक्रार नव्हती, तो माणूस जरा लंगडतच दुकानाबाहेर पडायचा.

गल्लीत तिला पावइंच बाई म्हणत. शिवणीच्या आत कापडाची जी कड सोडायची, ती आत्या बरोबर पाव इंच सोडायची. धागाभर इकडे नाही की तिकडे नाही. दुकानात हाताखाली नवीन मुलगी आली की तिच्या मागे जाऊन उभी राहायची आणि तोंडाने एक शब्द न काढता नुसता लांब श्वास सोडायची. त्या श्वासाला कंटाळून दोघीजणी काम सोडून गेल्या. तिसरी टिकली, कारण तिला ऐकू कमी यायचं.

दुकानाच्या वरची एक खोली आत्याची. लोखंडी जिन्याने वर जायचं, दार ढकललं की समोर खिडकी, खिडकीशी तिचं स्वतःचं मशीन, बाजूला पलंग, आणि पलंगाखाली पुठ्ठ्याची सात खोकी. खोक्यांत कातरणं. पँटांच्या कापलेल्या पट्ट्या, पडद्यांची टोकं, आखूड केलेल्या शर्टांचे खालचे तुकडे. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की सांगायची, एक मिळाला होता पण पहिल्याच धुण्यात आटला. यापलीकडे त्या माणसाविषयी आम्हाला कुणालाच काही कळलं नाही, आणि विचारायची प्राज्ञा कुणाची नव्हती.

रविवारी ती गोधडी शिवायची. गोधडी म्हणजे साधी ठिगळं जोडलेली नव्हे, चांदणीची. मध्ये एक चौकोन, चार कोपऱ्यांत चार छोटे चौकोन, आणि चारही बाजूंना दोन दोन त्रिकोण, टोकं बाहेर रोखलेली. आठ टोकांची एक चांदणी. ही चांदणी तिला तिच्या आत्याने शिकवली होती, त्या आत्याला तिच्या आत्याने. आमच्या घरात ती अशी तिरकी तिरकी चालत आली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. मी दातांच्या कवळ्या बनवते, तेव्हा माझ्या हाताला कसब नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पण मी शिवलेली पहिली चांदणी बघून आत्याने तो श्वास सोडला आणि म्हणाली, "कासव म्हणून छान आहे." त्यानंतर मी सुईला हात लावला नाही.

चांदणीत सगळा जीव असतो टोकांत. शिवण एक धागा आत गेली की ती टोक गिळते. लांबून काही दिसत नाही, जवळ गेलं की कळतं की चांदणी बोथट आहे. आत्याच्या गोधड्यांत बोथट टोक सापडणार नाही, असं बाबा मोठ्या अभिमानाने सांगायचे. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तीस वर्षं निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, खोटा निघाला की बाद करायचे. आता चौसष्ट वर्षांचे आहेत, पण आत्या त्यांना छोट्या म्हणते आणि ते ओ देतात.

हे सगळं ठीक चाललं होतं, तोवर एका सकाळी दुकानातल्या इस्त्रीवाल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आत्याचं मशीन थांबत नव्हतं. एरवी ती वीतभर शिवायची, थांबायची, बघायची, पुन्हा वीतभर शिवायची. एवढ्या वर्षांत त्याच्या कानांना त्याची सवय झाली होती. म्हणून तो मागे जाऊन बघतो तर आत्या मशीनवर ओणवी पडलेली, पाय पेडलवर तसाच, आणि एका पँटचा पाय सुईखाली गोळा होऊन बसलेला. त्याने आधी तिचा पाय उचलला, मग बाबांना फोन केला.

झटका होता. वेळेवर नेलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं चार दिवसांत परत आलं, आणि पाचव्या दिवसापासून वॉर्डातल्या नर्सबाईंना आपापल्या एप्रनची खालची कड कुठे उतरती आहे ते कळायला लागलं. पाय जरा ओढत का होईना, चालू लागला. उजवा हात मात्र आला नाही. खांद्यापासून खाली तो नुसता असायचा. बोटं थोडी मिटायची, पण सुई, कात्री, टाचणी यातलं काही त्यांना पेलत नव्हतं.

बाबांनी तिला सरळ आमच्या घरी आणलं. माझी खोली तिला दिली, मी बाहेरच्या दिवाणावर गेले. पहिले पंधरा दिवस तिने आमच्या नाकी नऊ आणले. पडदा उजवीकडे अर्धा इंच खाली आहे, टेबलक्लॉथ उलट्या बाजूने शिवलाय, बाबांच्या कोटाचं अस्तर कुणीतरी रागाच्या भरात लावलंय. आई हसून सोडून द्यायची. मग एक दिवस आत्याने आईला विचारलं, "वहिनी, खिडकी उघडली तर चालेल का?"

आईने ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज बदलला. आत्याने आयुष्यात कुणाला असं विचारलं नव्हतं. त्यानंतर ती रोजच विचारायला लागली. दिवा लावू का, रेडिओ चालेल का, मी इथे बसले तर अडचण नाही ना. पडदे आहेत तसे राहिले. आई बाबांना म्हणाली, ताई राहिल्या तर मला आनंदच आहे, पण ही बाई ताई नाही. बाबा म्हणाले, सवय होईल.

सहा आठवडे झाले तेव्हा बाबांनी जेवताना विषय काढला. वरची खोली सोडायची, दुकानाच्या मालकाला कळवायचं, मशीन विकायचं किंवा इकडे आणायचं. बाबांचं बोलणं कागदावर लिहून आणल्यासारखं होतं. आत्या डाव्या हाताने चमचा धरून शांतपणे ऐकत होती. चमच्यातलं सूप हलत नव्हतं, हे मी बघितलं.

"छोट्या," ती म्हणाली, "तुमच्या खात्यात काटा न तपासता बाद करत होतात का?"

बाबा म्हणाले, नाही.

"मग मला तपास."

आणि तिथेच ठरलं. दोन महिने तिने स्वतःच्या खोलीत राहायचं आणि एकटीने चांदणीची गोधडी जोडायची. पाच बाय सहा, तीस चांदण्या. कापणं, शिवणं, उसवणं, सगळं तिचं. बाबा येऊन तपासणार. सगळी टोकं शाबूत असली तर ती त्या खोलीत राहील आणि पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. एक जरी टोक बोथट निघालं तर ती पिशवी भरून आमच्याकडे येईल आणि पुन्हा तिने विषय काढायचा नाही. तीस गुणिले आठ, बाबांनी तिथल्या तिथे हिशोब केला. दोनशे चाळीस टोकं. मला ही पैज मुळीच आवडली नाही. माणसाने कुठे राहायचं हे त्रिकोणांवर ठरवतात का? पण ही दोघं भावंडं मापावर वाढलेली आहेत. त्यांना प्रेमसुद्धा पट्टी लावल्याशिवाय खरं वाटत नाही.

अटींवर दोन दिवस घासाघीस चालली. फोन गळ्यात अडकवायचा, हे आत्याने मान्य केलं. सकाळी इस्त्रीवाल्याने दार वाजवायचं आणि कामावरून परतताना मी डोकावायचं, हेही केलं. सुईत दोरा दुसऱ्याने ओवला तर ती मदत धरायची का, यावर मात्र दोघांचा आवाज चढला. शेवटी आत्या म्हणाली, तू नको नि तुझा दोरा नको, माझ्या मशीनला दोरा ओवून देणारा आकडा आहे.

तर ती परत गेली. लोखंडी जिना चढायला तिला सात मिनिटं लागली. मी मागे होते, पण तिने मला पाठीला हात लावू दिला नाही. वर पोचल्यावर तिने खिडकी उघडली, कुणाला न विचारता.

कापड धरायला दुसरा हात नाही, ही पहिली अडचण. इस्त्रीवाल्याकडे एक जुनी इस्त्री होती, वायर जळालेली, पण वजनाला धोंड्यासारखी. ती आत्याने कापडावर ठेवली. तरी एक बाजू सुटायचीच. मग तिने आपला उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि कापडाच्या त्या बाजूवर ठेवून दिला. मला म्हणाली, "सहा आठवडे नुसता बसून खातोय. निदान वजनाचं काम तरी करेल." पेडल तिने डाव्या पायाखाली घेतलं. पहिल्या आठवड्यात तिने सहा चांदण्या पुऱ्या केल्या, आणि सहाच्या सहा वाईट होत्या.

वाईट म्हणजे कशा, तर फुगीर. टेबलावर पसरल्या की मधोमध उचलल्या जायच्या. टोकं कडेला पोचायच्या आधीच एकमेकांत घुसायची. आत्याने शिवण मोजली तर पाव इंच. मशीन तपासलं, ते ठीक. मग तिने डोळ्यांवर संशय घेतला, चष्मा पुसला, खिडकीशी जाऊन पाहिलं. तिरप्या कापलेल्या कडेला उरेब म्हणतात, ती ओढली की ताणते. म्हणून तिने ती न ओढता शिवून पाहिली, तरी तेच. सहाही उसवल्या, पुन्हा शिवल्या, पुन्हा फुगल्या.

त्या दिवशी मी गेले तेव्हा ती मशीनकडे पाठ करून बसली होती. खोली आवरलेली होती आणि पलंगावर पिशवी काढून ठेवलेली होती. ती म्हणाली, "छोट्याला सांग, तपासायला येऊ नको." मी म्हटलं, अजून सात आठवडे आहेत. ती म्हणाली, आठवडे आहेत ग, हात नाही. मी तिच्याजवळ खाली बसले. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. बाबांचा, त्या त्रिकोणांचा, आणि तिचासुद्धा, कारण तिने स्वतःच ही पट्टी गळ्यात बांधून घेतली होती. मी तिला स्पष्ट सांगितलं की पिशवी मी खाली नेणार नाही. तिला न्यायची तर तिने न्यावी. पिशवी भरून जिना उतरणं तिला जमणार नव्हतं हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती माझ्याकडे रागाने बघत राहिली, आणि तिला असं रागावलेलं बघून मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बॅगवाला आला. पलीकडच्या गल्लीत चामड्याच्या बॅगा शिवायचा, आत्याच्या बरोबरीचा, अत्यंत आगाऊ माणूस. दुकानात कोट टाकायला आला होता, आत्या वर आहे असं कळल्यावर विचारपूस करायला जिना चढून आला. आत्या पुन्हा कातरायला बसली होती. तो दारात उभा राहून बघत राहिला आणि हसायला लागला.

"बाई," तो म्हणाला, "ही कात्री कुणाची?"

आत्या म्हणाली, माझी, तीस वर्षं झाली.

"तुमच्या उजव्या हाताची आहे. डाव्याची कुठे आहे?"

हा माणूस जन्माचा डावखुरा. त्याने समजावून सांगितलं आणि आत्या तोंड मिटून ऐकत राहिली. नेहमीच्या कात्रीचं वरचं पातं उजव्या हाताला रेघ मोकळी दाखवतं. तीच कात्री डाव्या हातात धरली की पातं नेमकं रेघेवर येऊन ती झाकतं. मग माणूस अंदाजाने रेघेच्या जरा बाहेरून कापतो, एक धागा, दोन धागे, आणि त्याला वाटतं आपण रेघेवरच आहोत. आठ त्रिकोण दोन दोन धाग्यांनी वाढले की चांदणी फुगणारच. चाळीस वर्षं कातरकाम केलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं, कारण तिला कधी कात्री दुसऱ्या हातात धरावीच लागली नव्हती. तिने शिवण मोजली, मशीन मोजलं, पण कापलेला त्रिकोण मोजला नाही. आपलं कापणं चुकेल हे तिच्या मनातच आलं नाही.

त्याच दुपारी बॅगवाल्याने स्वतःची एक जुनी डावी कात्री धार लावून आणून दिली. आता ही मदत झाली की काय, असं म्हणून आत्याने बाबांना फोन लावायला लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ विचार केला आणि निकाल दिला की साधन म्हणजे मदत नव्हे. मला विचाराल तर हे त्यांनी एका क्षणात सांगायला हवं होतं. पण आत्याला तो विचार करण्याचा वेळ फार आवडला. "बघ," ती मला म्हणाली, "उगाच हो म्हणाला नाही."

त्यानंतरचे सात आठवडे मी तिथे रोज जात होते, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर नजर ठेवायला म्हणून नव्हे. खोक्यांतून कातरणं बाहेर निघायची आणि त्यांच्याबरोबर माणसं. ही करडी पट्टी वकिलाची, त्याचा उजवा पाय लांब, म्हणून तो कोर्टात डावीकडे कलून उभा राहतो. ही काळी त्या संगीतमास्तरांची, दर दोन वर्षांनी अर्धा इंच आखूड करायला यायचे. सगळ्यांना वाटायचं पँट मोठी होतेय, खरं तर मास्तर लहान होत होते. मधला चौकोन पडद्यांचा, मागची पांढरट जागा शर्टांची. एका दिवसात एक चांदणी, कधी तीही नाही. वीतभर शिवायचं, थांबायचं, बघायचं. खाली इस्त्रीवाल्याला तो आवाज ऐकू जायचा आणि तो म्हणायचा, आता बरं वाटतंय.

मुदत संपली तो रविवार होता. गोधडीचा वरचा पदर जोडून झाला होता. मधला थर आणि अस्तर आत्याने मुद्दाम लावलं नव्हतं, कारण थर लावले की आतल्या शिवणी तपासता येत नाहीत. तिने पदर पलंगावर पसरला आणि खुर्चीत बसली. नवा ब्लाउज घातला होता, डाव्या हाताने बटणं लावता येतील असा तिने स्वतःच बदलून घेतलेला. आई यायला तयार नव्हती. ती म्हणाली, मला असल्या परीक्षा बघवत नाहीत. म्हणून बाबा आणि मी असे दोघंच होतो. बाबांनी पोलादी पट्टी आणि भिंग आणलं होतं. त्यांनी आत्याकडे बघितलं नाही, थेट पलंगाकडे गेले आणि वाकून मोजायला लागले.

ते मनातल्या मनात मोजत होते, पण ओठ हलत होते. पट्टीचं टोक प्रत्येक टोकापाशी टेकायचं आणि पुढे जायचं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. चौथ्या ओळीत पट्टी एका जागी थांबली. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यावा इतकाच. मग ती पुढे सरकली आणि तशीच शेवटपर्यंत गेली. मी बाबांच्या बाजूला उभी होते. मी ते टोक पाहिलं. दोन चांदण्या जोडणाऱ्या शिवणीने ते खाल्लं होतं, जेमतेम दोन धागे.

बाबांनी कंबर सरळ केली. "दोनशे चाळीस," ते म्हणाले. "बरोबर आहे."

माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं होतं. मी बाबांना मिठी मारायच्या बेतात होते.

आत्या खुर्चीतून उठली. पाय ओढत पलंगापाशी आली आणि चौथ्या ओळीवर वाकली. तिने चष्मा कपाळावर सरकवला, नाक कापडाला लागेल इतकी जवळ गेली, आणि तो लांब श्वास सोडला.

"तुझी पट्टी इथे थांबली होती," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, नव्हती थांबली.

"तीस वर्षं लोकांचे काटे धरलेस छोट्या, आणि माझा सोडतोस?"

"दोन धागे आहेत ताई. कोण बघणार आहे?"

"तू बघितलंस."

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. पट्टी त्यांच्या हातात तशीच होती. ते म्हणाले, "तू इथे असलीस की मला घरी चैन पडत नाही. आणि तुला घरी नेलं की तुझ्याकडे बघवत नाही. खिडकी उघडायला विचारायचीस तू. आता काय करू ते सांग."

मी माझ्या बाबांना इतकं सरळ बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. आत्यानेही नसावं. मग ती म्हणाली की ठरलं ते ठरलं, एक टोक बोथट आहे आणि ती पिशवी भरते. आवाज स्थिर होता, पण डावा हात कापडावरून हलत नव्हता. बाबा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आता मी मध्ये पडावं आणि दोघांनाही खडसावावं. पण तेवढ्यात बाबांनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कचेरीतले बाबा दिसले.

"खात्यात एक नियम होता," ते म्हणाले. "काटा चुकीचा निघाला म्हणून लगेच बाद नाही करायचो. दुरुस्त करून पुन्हा तपासायला आणायची मुदत द्यायचो."

"किती?"

"सात दिवस."

"मला अर्धा तास पुरे," आत्या म्हणाली.

ती मशीनपाशी बसली आणि पदराची ती बाजू मांडीवर ओढून घेतली. उसवायची सुई डाव्या हातात घेतली, उजवा हात उचलून कापडावर ठेवला. बाबा नकळत पुढे झाले, कापड धरायला. तिने वर न बघता सांगितलं, "हात मागे." बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. एकेक टाका निघत होता. चार बोटं शिवण उसवली, त्यातला धागा चिमटीने वेचला, कडा पुन्हा जुळवल्या. तोंडात धरलेली टाचणी जिभेने फिरवून ओठांनी बाहेर काढली आणि डाव्या हाताने लावली. एकदा कडा सुटल्या. पुन्हा जुळवल्या. पुन्हा सुटल्या. तिसऱ्यांदा टाचणी बसली. मग मशीन सुरू झालं. वीतभरसुद्धा नाही, चारच बोटं. थांबलं. तिने बघितलं आणि पदर बाबांकडे ढकलला.

बाबांनी भिंग लावलं. पट्टी टेकवली. बराच वेळ ते वाकून होते, इतका की मला पुन्हा धास्ती वाटायला लागली.

"आलं," ते म्हणाले.

"नीट बघ."

"नीट बघितलं, ताई. पूर्ण आलंय."

आत्याने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, ते तिने खांद्याला पुसले, कारण हात मोकळा नव्हता, तो पुढच्या शिवणी चाचपत होता. सगळी टोकं तिने बाबांना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावली, दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस, आणि या वेळी मोठ्याने. मग म्हणाली, झालं असेल तर जा आता, मला अस्तर लावायचंय.

आम्ही जिना उतरलो. मला बाबांवर चिडायचं होतं. आधी पैज घेतली, मग खोटं बोलले, मग नियम शोधून काढला. मी तसं म्हटलंही. ते अर्ध्या जिन्यात थांबले, कठड्याला धरून.

"मी आज हरायचं ठरवूनच आलो होतो ग," ते म्हणाले. "सकाळी तुझ्या आईलाही तसं सांगितलं होतं. पण तशी ती राहिली असती, तर मला आतून कधीच पटलं नसतं. पुढच्या महिन्यात पुन्हा न्यायला आलो असतो. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा."

"आणि आता?"

वर मशीन सुरू झालं. थोडं चाललं आणि थांबलं. बाबा ते पुन्हा सुरू होईपर्यंत ऐकत राहिले.

"आता येईन तो नुसता बसायला," ते म्हणाले.